दवबिंदू आणि वाचून न दाखविलेला अर्ज

श्रावणा,

मृत माणसास उद्देशून लिहावयाचा नमुना माझ्याजवळ नाही. वारस नोंदीचा आहे, मृत्यूच्या दाखल्यास विलंब झाल्याचा आहे, शिधापत्रिकेतून मयताचे नाव कमी करण्याचा आहे. तहसीलसमोरच्या कडुलिंबाखाली बावीस वर्षे बसून मी हे सर्व अर्ज डोळे मिटून लिहू शकेन इतके लिहिले. परंतु ते मृताविषयी असतात, मृताला नसतात. म्हणून आज प्रथमच कच्चा मसुदा न करता थेट लिहितो आहे. खाडाखोड झाली तर ती तशीच राहील. तू गेल्याला आज सतरा दिवस झाले.

तुझ्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला तेव्हा झालेला आवाज कवठ दगडावर फोडल्यासारखा होता. हे मी कोणास सांगितलेले नाही. पोलिसांना पहिल्या जबाबात सांगितले नाही, घरी सांगितले नाही. आमच्या अंगणात कवठाचे झाड आहे. त्याचे एक फळ परवा आपसूक खाली पडले आणि मी हातातला पेला भिंतीवर फेकून मारला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिला म्हणालो, मांजर होते.

आपली टेबले सोळा वर्षे एकमेकांस लागून होती. माझे अर्जनवीसाचे, तुझे पासपोर्ट फोटोचे. माणूस आधी तुझ्याकडे बसे, मग माझ्याकडे. जातीचा दाखला, निराधारची पेन्शन, रहिवासी. काम कोणतेही असो, तोंड तुझे आणि मजकूर माझा. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस असलो तरी पदवीधर मुले माझ्याकडून वाक्ये दुरुस्त करून नेत, हे तू जाणत होतास आणि त्यावरूनच मला डिवचत होतास. "नवीसभाऊ," तू म्हणायचास, "तुह्या अर्जात माणूस मेला तरी 'सविनय' मरते." मी उत्तर देत असे की तुझ्या फोटोत जिवंत माणूससुद्धा मेल्यासारखा दिसतो. ते मात्र खोटे होते. एखादी म्हातारी निळ्या पडद्यासमोर बसली की तू कॅमेरा खाली ठेवून तिचा पदर आधी सारखा करायचास. "डोळे उघडे ठेव माय. सरकारले आपले डोळे पाह्यजे, हसू नाई पाह्यजे." म्हातारी हसायची, आणि तू त्याच क्षणी बटन दाबायचास.

हे तुझे पोटाचे काम होते. तुझे खरे काम पावसाळा ओसरला की सुरू होई.

झरी जामणीकडच्या जंगलपट्ट्यात, तुझ्या गावाच्या शिवेवर, एका जुन्या तळ्याच्या पाळीखाली पाणी झिरपून झालेली चिबड जमीन आहे. तिचे गावाच्या नावासकट वर्णन, गट नंबर आणि चतुःसीमा मी येथे मुद्दाम लिहीत नाही. चतुःसीमेशिवाय एकही कागद हातावेगळा न करणारा मी, हे तुझ्याकरिता सोडतो आहे. त्या जमिनीत काही पिकत नाही. गवत खुरटे, चिखल गुडघ्याएवढा, वर डासांचे थवे. दसऱ्याच्या सुमारास तू तेथे बारदाना अंथरून पालथा पडायचास आणि मी तुझ्यावर स्टुडिओची पांढरी छत्री धरून उभा राहायचो, ऊन मऊ पडावे म्हणून. पाच वर्षे मी ती छत्री धरली. "तू बी पड ना खाली, उभ्यानं काय दिसते तुले?" असे तू प्रत्येक वर्षी म्हणालास. मी पडलो नाही. अंगात पांढरा शर्ट असे, आणि माझ्यासारख्या माणसाने चिखलात पालथे पडणे मला शोभले नसते.

पहिल्या दिवशी तू मला ती वनस्पती दाखविलीस तेव्हा मला फक्त ओलसर लाल ठिपके दिसले. शर्टाच्या बटनाएवढे. तू म्हणालास, "थांब. अकरा वाजू दे." अकराला ऊन तापले, गवतावरचे सगळे दव उडून गेले, आणि त्या लाल ठिपक्यांवरचे थेंब मात्र तसेच राहिले. ते दव नव्हते. प्रत्येक पानावर केस, प्रत्येक केसाच्या टोकास चिकाचा एक थेंब. "लोक याले दवबिंदू म्हनते," तू म्हणालास. "नाव लय गरीब हाय. काम पाह्य."

मग ते काम मी पाहिले. एक मुंगी पाणी समजून थेंबाजवळ आली. पहिला पाय चिकटला. तो सोडविण्यासाठी तिने दुसरा टेकला, तोही चिकटला. ती जितकी ओढ घेई तितके जास्त केस तिच्या अंगावर वाकत. कोणी हात धरला, कोणी तोंड दाबले, कोणी पाठीवर बसले, असे ते दृश्य होते आणि त्यात आवाज मुळीच नव्हता. तू लेन्स उलटी करून लावली होतीस, कारण त्या कामाची महागडी लेन्स तुझ्याजवळ नव्हती. श्वास रोखून तू बटन दाबत होतास. तुझ्या मानेवर डास बसून फुगले होते, तरी तू हललास नाही. घरी येऊन मी जेवलो नाही.

आपला पहिला वाद तेथूनच सुरू झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही. माझे म्हणणे असे की डोळ्यांदेखत जीव जात असता जो फक्त पाहतो, तो त्या हत्येत सामील असतो. तुझे म्हणणे असे: "मी मारून नाई राह्यलो, मी पाहून राह्यलो. कोनं तरी शेवटलोक पाह्यलं पाह्यजे ना, भाऊ. नाई त त्या मुंगीचं मरनं झालंच नाई."

तीन वर्षांपूर्वी त्या वादात रक्त निघाले. उंच दांड्याच्या जातीच्या दवबिंदूवर एक निळी टाचणी, चतुराच्या जातीचा किडा, अडकली होती. काडीसारखे अंग, काचेसारखे पंख. तू तिच्यासाठी सकाळपासून पडून होतास. तिचे डोके फिरत होते, पाय झाडले जात होते, आणि पान तिच्यावर हळूहळू मुडपत होते. अर्धा तास मी सोसले. मग छत्री बाजूला टाकली, खिशातील पेन काढले आणि त्याच्या टोकाने तिला उचकटून काढले.

तू उठलास आणि माझ्या तोंडावर मूठ मारलीस. माझा ओठ दातावर फाटला. मी छत्रीचा दांडा उलटा धरून तुझ्या भुवईवर हाणला. मग आपण दोघे पन्नाशीकडे झुकलेले, बायकापोरे असलेले पुरुष त्या चिखलात एकमेकांच्या छातीवर बसून, गळे दाबून, दात-ओठ खाऊन लढलो. तुझे रक्त माझ्या शर्टावर होते, माझे तुझ्या हातांवर. तू ओरडत होतास, "कायले हात लावला बे! कायले लावला!" मी ओरडत होतो, "कसाई आहेस तू!" दमलो तेव्हा थांबलो. तुझ्याच गाडीवर मागे बसून मी परत आलो, कारण दुसरे वाहन नव्हते.

आठ दिवस टेबलाला टेबल लागून आपण बोललो नाही. माणसे तुझ्याकडून माझ्याकडे सरकत आणि आपण दोघे समोर पाहत राहत असू. नवव्या दिवशी तू पांढरकवड्याहून एक मोठा फोटो छापून आणलास आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलास. त्यात माझे पेन होते, माझी दोन बोटे होती, आणि पानाला चिकटून राहिलेले दोन निळे पंख होते. मी टाचणी सोडविली होती खरी. पंख तेथेच राहिले होते.

"तू सोडवलं," तू म्हणालास, "पन आता ते उडू बी नाई शकत, अन् झाडाले खाल्ल्याचा उपेग बी नाई. दोघाइचं नुकसान केलं तू. खेचाखेचीनं भलं नाई होत भाऊ, समजून घ्या लागते."

मी म्हणालो, "चहा पितोस का?" तू म्हणालास, "पाजतोस का?" वाद तेथे थांबला. मिटला असे मी म्हणणार नाही. तो फोटो मी काचेखालून काढला नाही. आलेगेले विचारीत, हे काय आहे. मी सांगत असे, माझी चूक आहे. तू शेजारून हसत असायचास. त्या हसण्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. माझी चूक मला तोंडावर दाखवून पुन्हा माझ्याच शेजारी बसणारा दुसरा माणूस मला आयुष्यात मिळाला नाही.

आता अर्जाविषयी.

या वर्षी त्या चिबड जमिनीवर मुरूम टाकून आठवडी बाजारासाठी मैदान करावयाचे गावात ठरले. तू माझ्याकडे आलास. ग्राहक बसतो त्या स्टुलावर बसलास. सोळा वर्षांत प्रथमच. "भाऊ, एक अर्ज लिहून दे. जास्त काई नको. लिही का तठी लहान लहान झाडं हाय, लय सुंदर हाय, कोनाले तरास देत नाई. बाजाराची जागा दुसरी पाहा म्हना."

मी तुला समजावले की सुंदर आणि लहान या शब्दांनी कोणताही अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. अर्जास वजन लागते. तू म्हणालास, "वजन तू टाक, खोटं नको टाकू." बाहेर ऊन चढत होते. तुला अकराच्या आत पाणथळीवर पोहोचायचे होते. तू कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केलीस आणि गाडीला लाथ मारून गेलास. माझ्यावर तुझा तेवढा विश्वास होता.

मी अर्ज लिहिला. 'सदर जमिनीत मांसभक्षक वनस्पती मोठ्या प्रमाणात असून त्या जिवंत प्राणी पकडून खातात. सदर ठिकाणी जीवितास धोका उद्भवण्याची दाट शक्यता आहे. तरी तेथे कोणासही प्रवेश करू देऊ नये.' श्रावणा, जीवितास धोका हे वाक्य मी लोंबत्या तारेच्या अर्जात लिहितो, पडक्या विहिरीच्या अर्जात लिहितो, शाळेच्या गळत्या छपराच्या अर्जात लिहितो. ते लिहिले नाही तर साहेब कागद उलटतसुद्धा नाहीत. माझा हिशेब असा होता की भीती घातली म्हणजे तेथे कोणी पाय ठेवणार नाही, मुरूम पडणार नाही, आणि तुझे दवबिंदू वाचतील. मला माझ्या वाक्याचा अभिमान वाटला. तळाशी मी धंद्याच्या सवयीने लिहिले: 'अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिले, वाचून दाखविले, मान्य केले.'

तू सांगितले नव्हतेस. मी वाचून दाखविले नव्हते.

अर्जाची प्रत रीतीप्रमाणे गावाकडे माहितीसाठी गेली. कोणीतरी तिचा फोटो काढून गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकला. त्याच आठवड्यात गोदाबाईचा गोऱ्हा पाणी प्यायला त्या चिखलात उतरला आणि रुतून मेला. गोदाबाई एकटी विधवा; तिच्याजवळ तेवढे एकच जनावर होते. दोन दिवसांनी सापडला तेव्हा त्याचे डोळे आणि ओठ मुंग्यांनी, किड्यांनी खाल्लेले होते. लोकांनी ते तोंड पाहिले आणि मोबाईलवर माझे वाक्य वाचले.

ते आले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तू बारदान्यावर पालथा होतास. मी डास फार चावतात म्हणून तळ्याच्या पाळीवर छत्री धरून उभा होतो. चाळीसएक माणसे. डोक्यावर पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या मोळ्या, हातात विळे, कुऱ्हाडी, डिझेलची एक कॅन. पुढे गोदाबाई, हातात गोऱ्ह्याचे तुटके दावे.

"माह्या लेकरावानी होता तो!" ती किंचाळली. "ह्या झाडानं खाल्ला त्याले!"

तू उठलास. तुझ्या शर्टाची पुढची बाजू चिखलाने भरली होती. तू बोटाने दाखवलेस. "माय, हे पाह्य. बटनाएवढं हाय. हे गोऱ्हा कसं खाईन? मुंगी खाते ते. तुह्या गोऱ्ह्याले चिखलानं मारलं माय."

त्यातला एकजण पुढे आला. त्याने मोबाईल तुझ्या नाकासमोर धरला. "मंग हे कोनं लिहून देल्लं? जिवंत प्रानी पकडून खाते. जीवितास धोका. खाली सही कोनाची हाय, सांग!"

तू वाचलेस. मी पाळीवरून पाहत होतो. तुझे ओठ हलत होते. तो अर्ज तू आयुष्यात प्रथमच वाचत होतास, आणि तेही ज्यांनी तुला मारायचे ठरविले होते त्यांच्या मोबाईलवर.

"हे मी नाई सांगतलं," तू म्हणालास.

"आता पलटून राह्यला का बे?"

"नाई सांगतलं बाप्पा! मी त सुंदर म्हून लिही म्हनलं होतं." मग तू मान वर केलीस आणि माझ्याकडे पाहिलेस. "नवीसभाऊ, सांग ना यायले. तू लिहिलं ना ते? सांग."

चाळीस तोंडे माझ्याकडे वळली. श्रावणा, मी चार शब्द बोलायचे होते. हे मी लिहिले आहे. त्यासाठी कोणता नमुना लागत नव्हता, कोर्टफीचे तिकीट लागत नव्हते, सही लागत नव्हती. मी छत्री मिटली. ती मिटण्याचा टक असा आवाज झाला. बाकी मी काही बोललो नाही.

"पाह्यलं?" मोबाईलवाला म्हणाला. "खोटारडा हाय हा. आपल्याच गावाले खाऊ घालून राह्यला."

पहिला दगड तुझ्या खांद्याला लागला. दुसरा कॅमेऱ्याला. लेन्स फुटली. कोणीतरी मोळी खाली टाकली आणि त्या लाल पानांवर पायाने दाबली. त्यावर तू जे केलेस ते कोणत्या बुद्धीने केलेस, हे मला अजून कळत नाही. पळायला मागे वाट मोकळी होती. तू पळाला नाहीस. मोळी ढकलून तू तेथेच पुन्हा पालथा पडलास, फोटो काढताना पडायचास तसा, दोन्ही हात पसरून, छाती दवबिंदूंवर. त्यांनी तुझ्या बरगड्यांत लाथा घातल्या. तुझे केस धरून तोंड चिखलात दाबले. जो हलेल त्याच्यावर अधिक हात पडतात, हे त्या पानावर मी पाहिले होते. तू हलत होतास आणि हात वाढत होते. मग तो दांडा उचलला गेला. तो ज्याच्या हातात होता त्याला मी ओळखले. त्याच्या घराण्याचे सहा अर्ज मी लिहिलेले आहेत. दांडा दोनदा पडला.

पऱ्हाटीवर डिझेल ओतले गेले. ओली जमीन जळेना, तर वर आणखी मोळ्या टाकल्या. आग तुझ्या पायांपर्यंत आली तेव्हा ज्यांनी मारले त्यांच्यापैकीच दोघांनी तुला पायांना धरून ओढून बाहेर काढले. गोदाबाई दावे हातात धरून ओरडत होती, "बस करा रे, माणूस मरते, बस करा!" त्यांना थांबविणारा एकमेव आवाज त्या म्हातारीचा होता, जिचे खरोखर नुकसान झाले होते. मी पाळीवर उभा होतो. एका टाचणीसाठी मी तुझी भुवई फोडली होती. तुझ्यासाठी मी पाळ उतरलो नाही.

तू तीन दिवस जगलास आणि एकदाही डोळे उघडले नाहीस.

माझ्या पहिल्या जबाबात दोन वाक्ये आहेत. एक, 'अर्ज अर्जदारास वाचून दाखविला होता.' दुसरे, 'धूर व गर्दी यांमुळे मारहाण करणारे इसम पाहिले नाहीत.' भाषा निर्दोष होती. जबाब घेणारा म्हणाला, तुमचा जबाब लिहून घेणे सोपे जाते. त्याच जबाबाच्या आधारे गावाने सभा घेतली आणि ठराव केला की मयताने स्वतःच्या अर्जाद्वारे भीती पसरविली व त्यातून अनुचित प्रकार घडला. म्हणजे तुला तूच मारलेस. ठरावाची भाषाही निर्दोष आहे. बहुधा माझ्याच जुन्या कागदांवरून उचलली असावी.

दहाव्या दिवशी तुझ्या घरून इंदूवहिनी माझ्या टेबलाशी आल्या. तुझे टेबल अजून तेथेच आहे, निळा पडदा गुंडाळून वर ठेवलेला. त्यांनी तिकडे पाहिले नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "गावात बाया मले पान्याच्या टाकीवर उभं राहू देत नाई. म्हनते, तुह्या नवऱ्यानंच माणूसखाऊ झाडं म्हून लिहून देल्लं. भाऊ, तो ठराव काढून टाका असा अर्ज लिहून द्या." मग त्यांनी विचारले, "तुमी त्याले वाचून दाखवलं होतं ना? त्यानं खरंच असं सांगतलं होतं?"

मी 'होय' म्हणालो. बावीस वर्षांची जीभ आहे. ती माझ्या आधी बोलली.

त्यांनी मान हलविली. रडल्या नाहीत. "मंग त मीच त्याले ओळखलं नाई," एवढे म्हणाल्या आणि अर्ज लिहवून न घेताच उठून गेल्या.

त्या दिवसानंतर मी दुसऱ्याचा एकही अर्ज लिहू शकलो नाही. पेन कागदावर टेकले की काचेखालची दोन बोटे दिसत. माझीच बोटे. चौदाव्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो आणि दुसरा जबाब दिला. अर्जातील वाक्ये माझी आहेत. अर्जदाराने नेमके उलट सांगितले होते. अर्ज वाचून दाखविला नव्हता. जागेवर मला विचारले असता मी गप्प राहिलो. मारणाऱ्यांना मी पाहिले. नावे दिली. ती येथे पुन्हा लिहीत नाही, जबाबात आहेत. जबाब घेणाऱ्याने विचारले, मागच्या वेळी खोटे का बोललात? मी सांगितले, "भीती होती." त्याने विचारले, जीवितास धोका? तो थट्टा करीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे टेबल उलथे पडलेले होते. काच फोडलेली, शिक्के नालीत, तुझा फोटो मधोमध फाडलेला. ज्याने ते केले तो जाताना माझ्या स्टुलावर कुऱ्हाडीचा घाव घालून गेला. चहावाला म्हणाला, "नवीसभाऊ, घरी जा. काई दिवस दिसू नका." मी फोटोचे दोन्ही तुकडे खिशात घातले.

घरी गेलो नाही. जबाबाची नक्कल घेऊन इंदूवहिनींकडे गेलो. तुझ्या दारात उभा राहून शब्दन्‌शब्द वाचून दाखविला. शेजारच्या ओट्यांवरच्या बायका ऐकत होत्या. मी आवाज चढविला, त्यांनाही ऐकू जावे म्हणून. वाचून झाल्यावर वहिनींनी माझ्या अंगावर पाण्याचा गंज, पितळी पातेले, फेकला. रिकामा नव्हता. कपाळाला लागला. मी पुसले नाही.

"मले कायले वाचून दाखवता?" त्या म्हणाल्या. "मी काय सही केल्ती? जा ना तठी. त्याले दाखवा."

म्हणून आज मी येथे आलो आहे. सोबत मूळ अर्जाची नक्कल आहे. या वेळी पाळ उतरलो. जमीन काळी आहे. राख चिखलात मिसळून डांबरासारखी झाली आहे. तुझ्या बारदान्याचा एक कोपरा शिल्लक आहे. पांढऱ्या शर्टासकट मी त्या जागेवर पालथा पडलो. उभ्याने काय दिसते, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर आता देतो: काही दिसत नाही. पाच वर्षे मी तुझी पाठ पाहिली.

मी अर्ज मोठ्याने वाचला, विषयापासून सहीपर्यंत. 'जिवंत प्राणी पकडून खातात' येथे थांबलो, कारण येथे तू 'मुंग्या लिही, प्रानी नको लिहू' म्हणाला असतास. 'जीवितास धोका' येथे तू हसला असतास किंवा मला मूठ मारली असतीस. दोन्हींसाठी वेळ ठेवला. नंतर ते वाक्य खोडले. तुझे सांगितलेले, लहान आहेत, सुंदर आहेत, कोणाला त्रास देत नाहीत, हे समासात लिहिले. ते वजनाचे वाक्य नाही. पण ते तुझे आहे.

अकरा वाजले. गवतावरचे उरलेसुरले दव उडाले. जेथे पाणी साचून राहिल्यामुळे आग पोहोचली नव्हती, त्या कडेला एक लाल ठिपका होता, बटनाहूनही लहान, आणि त्याचे थेंब वाळले नव्हते. त्यावर एक मुंगी होती. तिचे दोन पाय सुटे होते आणि ती ते झाडत होती. माझ्या हातात पेन होते. हात पुढे गेला, सवय आहे. मग मी तो मागे घेतला आणि हनुवटी चिखलावर टेकवली.

एकेक केस वाकत होता. तिसरा पाय गेला, चौथा गेला, मिशा गेल्या. तोंडात माती जात होती, कपाळावरची जखम चुरचुरत होती, डास मानेवर बसले होते. मी हललो नाही. पाठीमागे पाळीवर कोणीतरी येऊन उभे राहिल्याचा आवाज झाला. कोण आहे हे मी वळून पाहिले नाही. आधी हे पुरे पाहायचे होते. ती शांत होईपर्यंत मी पाहत राहिलो, श्रावणा. पाहिले नाही असे आता मी कोणास सांगणार नाही.